थकीत फी आणि अडवलेले हॉल तिकीट

महोदय,

वार्षिक परीक्षा तोंडावर आल्या की सोलापुरातील काही विनाअनुदानित शाळांत फी थकलेल्या विद्यार्थ्यांना हॉल तिकिटासाठी कार्यालयाच्या खिडकीपुढे ताटकळत ठेवले जाते आणि बाकीची मुले ते पाहत वर्गात जातात. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने बालकांच्या मानसिक छळास मनाई केलेली असताना हा प्रकार कोणत्या नियमात बसतो, हे संस्थाचालकांनी सांगावे.

अशा शाळांतील शिक्षकांचे पगार फीवरच भागतात, हे मान्य. ऐपत असूनही फी बुडवणारे पालक आहेत, हेही खरे. पण वसुली पालकांकडून करायची असते, सातवीतल्या मुलीकडून नव्हे. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतील आईची मजुरी हजार बिड्यांमागे ठरते आणि वडील यंत्रमागावर असतील, तर माल उठेनासा झाला की तिथेही काम घटते. अशा घराकडून जूनमध्येच एकरकमी फीची अपेक्षा धरणे व्यवहार्य नाही.

राजस्थानातील खासगी शाळांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 3 मे 2021 रोजी, फी थकली म्हणून विद्यार्थ्याचे वर्ग किंवा निकाल अडवू नयेत आणि दहावी-बारावीची नावे पालकांचे हमीपत्र घेऊन मंडळाकडे पाठवावीत, असे सांगितले होते. तो आदेश करोनाकाळातील असला, तरी हमीपत्राची वाट आजही खुली आहे. शिक्षणाधिकाऱ्यांनी परीक्षेपूर्वीच तसे परिपत्रक काढून हप्त्यांची मुभा शाळांना बंधनकारक करावी.

– एक पालक, सोलापूर