कुकर परत देणार नाही, सहीही करणार नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : कुकरचे झाकण उडून आई भाजल्याबाबत

महोदय,

गुढीपाडव्याला भांडीबाजारातून आपल्या कंपनीचा पाच लिटरचा कुकर घेतला. पावतीची प्रत सोबत आहे. आषाढी एकादशीचा उपवास सोडायचा म्हणून द्वादशीला सकाळी आईने त्यात डाळ लावली. बराच वेळ झाला तरी एकही शिट्टी होईना, म्हणून ती गॅस बंद करायला पुढे झाली आणि झाकण उडाले. उकळती डाळ तिच्या उजव्या हातावर, खांद्यावर आणि गळ्यावर आली. कुकर निम्मासुद्धा भरलेला नव्हता. रबर कुकरबरोबर आलेले, आपलेच. सेफ्टी व्हॉल्व्ह अजूनही जसाच्या तसा आहे, तो उडालाच नाही.

माझी आई चार घरी पोळ्या करते. तिचा उजवा हात म्हणजे आमच्या घरातली अर्धी कमाई. दीड महिना काम बंद राहिले, दोन घरांनी दुसरी बाई ठेवली. अजून तिची मूठ नीट वळत नाही. लाटणे धरले की डोळ्यांत पाणी येते, आणि ते मला दिसू नये म्हणून ती पाठ फिरवते.

आपला माणूस घरी आला तो नवा कुकर आणि एक कागद घेऊन. जुना कुकर द्या, ‘माझी आता काही तक्रार नाही’ यावर सही करा, असे म्हणाला. आईच्या हाताकडे त्याने पाहिलेही नाही. ती तर सही करायला तयार झाली होती, मीच थांबवले.

त्याच संध्याकाळी आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिले विचारले, ‘कुकर कुठे आहे?’ तो न घासता, झाकण, शिट्टी, रबरासकट खोक्यात बांधून ठेवला आहे. तो आता आयोगाने सांगितलेल्या प्रयोगशाळेतच उघडेल. ग्राहक आयोगात वकील लागतोच असे नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिथे आपले तज्ज्ञ ‘वापरणाऱ्याची चूक’ म्हणतील, तेव्हा त्यांना उलट प्रश्न विचारणे माझ्या आवाक्यातले नाही. म्हणून वकीलपत्रावर आईने सही केली आहे, डाव्या हाताने.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ प्रमाणे उत्पादनातला किंवा रचनेतला दोष आणि अपुऱ्या सूचना यांची जबाबदारी उत्पादकावर येते. तक्रार आम्ही राहतो तिथे, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगात करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. आम्हाला घाई नाही.

तरी नोटीस जाण्याआधी हे पत्र मी स्वतः लिहीत आहे. दवाखान्याचा आणि पुढच्या फिजिओथेरपीचा खर्च, आईची बुडालेली कमाई आणि तिने सोसलेल्या वेदनांची भरपाई लेखी कळवा. प्रेशर कुकरला २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, आमच्या कुकरवरही ते आहे. मग या लॉटच्या तपासणीचे कागद पाठवा. आणि याच लॉटचे कुकर अजून दुकानांत असतील तर आधी ते काढून घ्या. आमच्या पैशांआधी ते करा.

पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतरचे पत्र वकिलांचे असेल.

आपली ग्राहक,
सिडको, नाशिक

सोबत : पावती, दवाखान्याची बिले, जखमांचे व कुकरचे फोटो