ओल्याला ओले म्हणणाऱ्या माणसास

आदरणीय महोदय,

आपले नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. वादळात पडलेली झाडे कापायला आलात त्या दिवशी, दिलेल्या जळाऊ लाकडाबद्दल मी आभार मानू लागताच आपण संकोचून करवत उचललीत आणि ट्रककडे वळलात. जाहीर कौतुक आपल्याला रुचणार नाही, हे मी तेवढ्यावरूनच ओळखले. इंग्रजीत मी दोन शब्द बोलले होते. ते खरे होते, पण अपुरे होते. जे राहून गेले ते मला माझ्याच भाषेत नीट सांगता येईल, म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहे. आपल्याला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची जबाबदारी माझी.

26 नोव्हेंबर 2021 चा तो शुक्रवार इंग्लंडच्या उत्तर टोकाच्या नॉर्थम्बरलंडमधले कोणीही विसरलेले नाही. दुपारी तीनपासून आर्वेन वादळाचा लाल इशारा होता आणि रात्री ब्रिझली वुड येथे वाऱ्याचा वेग ताशी 98 मैल नोंदला गेला. पण झाडे इतकी पडली ती नुसत्या वेगामुळे नव्हे, हे नंतर आपणच मला समजावून सांगितलेत. इथली झाडे नैर्ऋत्येच्या वाऱ्याला तोंड देत वाढतात, त्यांच्या मुळांची पकडही त्याच हिशेबाने बसते, आणि आर्वेनचा वारा उत्तरेकडून आला. मी कोकणातली. पावसाळ्यात नैर्ऋत्येचाच वारा अंगावर घेणारी झाडे पाहत वाढलेली असल्यामुळे हे मला एका वाक्यात समजले.

दहा लाखांहून अधिक घरांची वीज गेली. आमच्या घराची आठ दिवस आली नाही. घर गरम ठेवणारा आमचा तेलावरचा बॉयलर विजेवाचून पेटत नाही, मोबाइलचे मनोरे बंद पडलेले, गावाकडे जाणारी अरुंद वाट आडव्या झाडांनी अडलेली आणि बाहेर बर्फ. आमच्यापासून थोड्याच अंतरावर क्रॅगसाइड आहे, पाण्याच्या शक्तीवर तयार केलेल्या विजेचे दिवे जगात सर्वांत आधी ज्या घरात लागले, ते घर. 1878 सालची ती गोष्ट मी आईला मोठ्या कौतुकाने सांगितली होती, आणि आता त्याच परिसरात आम्ही मेणबत्तीच्या उजेडात बसलो होतो. आई त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांची होती. राजापूरहून ती पहिल्यांदाच माझ्याकडे आलेली होती. तिसऱ्या दिवशी घरातले तापमान आठ अंशांवर उतरले, तेव्हा ती दोन शाली पांघरून बसली होती आणि मला बरे वाटावे म्हणून थंडी वाजत नसल्याचे सांगत होती.

घरात लाकडावर पेटणारी, काचेच्या दाराची लोखंडी शेगडी होती. लाकूडही होते. पण ते पेटत नव्हते, आणि त्याची हकिकत सांगितल्याशिवाय आपण काय केलेत हे पुरते कळणार नाही.

ऑक्टोबरात आम्ही एका विक्रेत्याकडून भट्टीत वाळवलेले म्हणून चांगले पैसे मोजून लाकूड घेतले होते. ते शेगडीत घातले की सुं-सुं आवाज करी, टोकांतून फेसाळ पाणी बाहेर येई, काच अर्ध्या तासात काळी होई आणि उबेऐवजी धूरच मिळे. दोन घनमीटरपेक्षा कमी जळाऊ लाकूड विकताना त्यातील ओलावा 20 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा नियम इंग्लंडमध्ये 1 मे 2021 पासून लागू झाला. छोट्या विक्रेत्यांना त्यासाठी आणखी एक वर्ष मिळाले होते. तो कदाचित त्या सवलतीत बसतही असेल. पण ओल्याला सुके म्हणण्याची सवलत कोणालाच नव्हती. मी दूरध्वनीवरून तक्रार केली तेव्हा त्याने लाकडाविषयी एक शब्दही काढला नाही. तुम्ही गरम देशातले लोक, तुम्हाला शेगडी पेटवायची सवय नसणार, एवढेच तो म्हणाला. जिने पन्नास वर्षे चूल आणि न्हाणीचे चुलाणे पेटवले, ती माझी आई शेजारीच बसलेली होती. तिला इंग्रजी कळत नाही, याचे त्या क्षणी मला बरे वाटले. तरीही ते वाक्य मनात इतके रुतले की पुढचे कित्येक दिवस शेगडी विझली की चूक आपलीच असणार, असे मी मानू लागले होते.

सोमवारी सकाळी करवतीचा आवाज आला. आपण वाट मोकळी करायला आला होतात. आमच्या कुंपणापलीकडे बीच जातीचे एक जिवंत झाड मुळासकट आडवे झाले होते आणि त्याच्या ओझ्याने शेजारचे वाळलेले ॲशचे झाडही मोडून पडले होते. ब्रिटनमध्ये 2012 साली प्रथम आढळलेल्या त्या बुरशीने इथली ॲशची झाडे उभ्या उभ्या वाळवली आहेत. हे झाडही दोन वर्षांपूर्वीच मेलेले असल्याचे आपण म्हणालात. अशा झाडावर चढणे आपल्या व्यवसायातील माणसांच्या जिवावर बेतते, कारण वाळलेली फांदी पूर्वसूचना न देता तुटते. त्या आठवड्यात तर आपण उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत अशाच झाडांखाली होतात.

आई फाटकापाशी येऊन उभी राहिली होती. आपण तिच्याकडे पाहिलेत, धूर नसलेल्या आमच्या धुराड्याकडे पाहिलेत आणि मला विचारलेत, की शेगडी आहे ना, मग ती बंद का? मी आमचे लाकूड दाखवले. आपण त्यातले दोन तुकडे उचलून एकमेकांवर आपटलेत. भद्द असा आवाज आला. मग मोडलेल्या ॲशच्या वरच्या फांदीचे दोन तुकडे कापून तेही तसेच आपटलेत, आणि ते टणटणले. मी काही बोलण्याआधीच आई पुढे झाली, तिने आपल्या हातातून ते दोन तुकडे घेतले, स्वतः वाजवून पाहिले आणि मान डोलावली. आगोटीची बेगमी करताना खोपीत रचण्याआधी ऐन-किंजळीची लाकडे ती अशीच वाजवून घेत असे, हे मी लहानपणी पाहिले होते आणि विसरून गेले होते. आपल्याला आणि आईला एकमेकांच्या भाषेतला एकही शब्द येत नव्हता. पण लाकूड ओले आहे, पेटवणारी माणसे चुकलेली नाहीत, हे आपण दोघांनी मिळून एका मिनिटात ठरवून टाकलेत. महिनाभर मनावर असलेले ओझे माझ्या मनावरून उतरले.

त्यानंतर आपण दोन्ही झाडांचे लाकूड आमच्या अंगणात आणून टाकलेत, शेगडीच्या मापाने कापून आणि फोडून, आणि पैशांचा विषय मला काढूही दिला नाहीत. कुणी म्हणेल, झाड तोडणाऱ्याला लाकूड कुठेतरी टाकावेच लागते, ते वाहून नेण्याचा खर्च वाचला तर त्याचाही फायदाच. हे खरे आहे आणि आपणही तसेच म्हणालात. पण त्या आठवड्यात सुक्या लाकडाला कोणीही मागाल ती किंमत दिली असती. आणि नुसते ओझे उतरवायचे असते तर ढीग फाटकाशी ओतूनही काम झाले असते.

आपण मात्र खिशातून निळा खडू काढलात आणि गुडघ्यांवर बसून प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर खूण करू लागलात. ॲशच्या वरच्या फांद्यांवर बरोबरची खूण, म्हणजे आज जाळा. त्याच झाडाच्या बुंध्यातल्या जाड फोडींवर 22, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात. आणि जिवंत बीचच्या प्रत्येक फोडीवर 23. हे आत्ता कितीही सुंदर दिसले तरी दोन उन्हाळे वाऱ्याला ठेवल्याशिवाय याला हात लावू नका, असे आपण बजावलेत. बर्फ भुरभुरत होता, आपला सहकारी ट्रकमध्ये थांबला होता, पुढची वाट अडलेलीच होती, आणि आपण एकेक तुकडा फिरवून, वाजवून, त्यावर त्याचे खरे साल लिहीत होतात.

महोदय, मी लाकडाबद्दल आभारी आहेच. त्या रात्री काचेआड पहिल्यांदा पिवळी ज्वाळा धरली, आईने शेगडीवरच आल्याचा चहा केला आणि तिने शाल काढून ठेवली, ते मी विसरणार नाही. पण आजही आठवणीने डोळे भरतात ते त्या खडूमुळे. फुकट दिलेल्या वस्तूचे गुणदोष सांगण्याचे बंधन कोणावरच नसते. ज्याला पैसे दिले त्याने ओले लाकूड सुके म्हणून गळ्यात मारले, आणि ज्याने एक पेनीही घेतली नाही त्याने यातले निम्म्याहून अधिक आज कामाचे नाही, हे स्वतःहून लिहून दिले. दोन वर्षांनंतरच्या हिवाळ्यात आमच्या खोलीत धूर होऊ नये, याची काळजी आपण त्या दिवशी वाहिलीत. वीज उद्या येईल, असे आम्हाला त्या आठ दिवसांत रोज ऐकवले जात होते. त्या साऱ्या शब्दांत खरा निघालेला शब्द फक्त आपल्या खडूचा होता.

अशी माणसे आमच्याकडेही आहेत. आमच्या वाडीतला एक लाकूडतोड्या मोळी टाकताना त्यातले किडके फाटे आधी बाजूला काढून दाखवीत असे आणि मगच भाव सांगत असे. आई त्याला कधी घासाघीस करीत नसे. आपण गेल्यानंतर तिला तोच आठवला, आणि त्या संध्याकाळी ती बराच वेळ त्याच्याविषयी बोलत राहिली.

बीचच्या फोडी आम्ही आपण दाखवल्याप्रमाणे फळ्यांवर, जमिनीपासून वर, बाजूंनी वारा खेळेल अशा रचल्या. दोन उन्हाळे गेले. टोकांना चिरा पडल्या, रंग मळकट झाला, निळा खडू पावसाने फिकटला, पण वरच्या आडोशातल्या आकड्यांपैकी बरेचसे अजून वाचता येतात. आई राजापूरला परतली असून तिला इकडच्या बाकी कशाचीच एवढी चौकशी नसते. दर थोड्या दिवसांनी ती विचारते, तेवीसची लाकडे काढलीस का? या डिसेंबरात मी पहिल्यांदा त्या थप्पीला हात लावला. दोन फोडी घरात आणल्या, राजापूरला फोन लावला आणि त्या फोनजवळ धरून एकमेकांवर वाजवल्या.

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग आई म्हणाली, "सुकली हो नीट. त्यांना कळव."

म्हणून कळवीत आहे.

आपली ऋणी,
फाटकापाशी उभ्या असलेल्या आजींची मुलगी