मधल्या दिवसांतली कळ

प्रिय मनू,

काल फोनवर तू दबक्या आवाजात म्हणालीस, "आई, पाळीला अजून दोन आठवडे आहेत, तरी उजवीकडे ओटीपोटात दुखतंय. अपेंडिक्स तर नसेल ना?" मग रूममेट आली आणि तू विषय बदललास. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या वयात मलाही असंच दुखायचं. कधी उजवीकडे, कधी डावीकडे. आजीने ओवा चावायला दिला, गरम पिशवीने शेकलं. डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. पाळीची तारीख मात्र कुणी विचारलीच नाही, आणि आपणहून सांगायची मला लाज वाटली. त्या लाजेपायी मी कित्येक महिने उगाच घाबरून काढले. तुझं तसं होऊ नये.

ओटीपोटात दोन्ही बाजूंना एकेक बीजकोष, म्हणजे अंडाशय, असतो. त्यातल्या एकात स्त्रीबीज पाण्याच्या एका छोट्या फोडात वाढतं. तो फोड साधारण दोन सेंटिमीटरचा, द्राक्षाएवढा झाला की फुटतो आणि बीज बाहेर पडतं. तो ताण आणि फुटताना सांडलेला द्रव, यांनी त्याच बाजूला कळ येते. काही मिनिटं, कधी एक-दोन दिवस. जर्मन भाषेत याला नावच आहे, मिटेलश्मेर्त्स, म्हणजे मधलं दुखणं! सगळ्याच बायकांना ते जाणवत नाही. हे घडतं पुढच्या पाळीच्या सुमारे 14 दिवस आधी. तुझी पाळी 32 दिवसांनी येते, म्हणजे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर 18व्या दिवसाच्या आसपास. कालचा दिवस मोजून बघ.

त्याच सुमारास अंगावरून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं, बोटांत धरलं तर तार निघेल असं पातळ जातं. त्याला वास नसतो, खाज नसते. मागे तू "पांढरं जातंय" म्हणून रडली होतीस, ते बहुधा हेच असावं. कधी एखादा रक्ताचा डागही दिसतो. नंतर छाती जड होते, दुखते.

पण ताप आला, उलट्या झाल्या, चक्कर आली किंवा कळ वाढतच गेली, तर माझ्या या पत्रावर विसंबू नकोस. रात्र असली तरी दवाखाना गाठ. अपेंडिक्सही उजवीकडेच दुखतं, आणि बीजकोषाला पीळ पडला तर वेळ घालवून चालत नाही.

लाडवांच्या डब्यात छोटी डायरी ठेवली आहे. पाळीची तारीख आणि दुखण्याची बाजू, एवढंच लिही. उद्या सकाळी सातला फोन करते. गच्चीवर जाऊन बोल.

तुझी,
आई