युनियनच्या काकांना, आईकडून आणि माझ्याकडून

काका, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "बरं बरं, आईची औषधं बघ" म्हणून फोन ठेवता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

बीएसएनएलमधले बाबा गेल्यावर दीड वर्ष आई फॅमिली पेन्शनसाठी फिरत होती. सर्व्हिस बुकात तिचं नाव एक आणि आधारवर दुसरं, एवढंच कारण. त्या ऑफिसात तिला कुणी कधी बसा म्हटलं नाही, आणि एका साहेबाने तर तोंडावर सुनावलं की तुझा नवरा रोजंदारीचा मजूर, त्याला कसली पेन्शन. त्या रात्री ती जेवली नाही.

तुम्ही स्वतः ३१ जानेवारी २०२० ला व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतलेली, त्या दिवशी बीएसएनएलचे पंचाहत्तर हजारांवर लोक एकदम घरी गेले, तरी रोज युनियनच्या खोलीचं कुलूप उघडता. कागदपत्रांचं तुम्ही काय केलंत तुम्हालाच ठाऊक, पेन्शन सुरू झाली. पण मला आठवतो तो पहिला दिवस. "आधी बसा वहिनी" म्हणालात, चहा सांगितलात, आणि लोखंडी कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढलात, कॅज्युअल मजदूरांचं निवेदन, खाली एकोणीस सह्या. सातवी बाबांची, वाकडीतिकडी, तेव्हा ते केबलसाठी चर खणायचे आणि सही नुकतीच शिकले होते. तुम्ही त्यावर बोट ठेवून म्हणालात, "हा आमचा माणूस." मग झेरॉक्स काढून आणलीत, झेरॉक्स कपाटात ठेवलीत आणि मूळ कागद आईच्या हातात दिलात. काका, आई सगळ्यांसमोर रडली आणि तुम्ही तिला रडू दिलंत, घाई केली नाहीत. एवढी साधी माणुसकी दीड वर्षात कुणाला सुचली नव्हती.

त्या सह्यांमागची गोष्ट तुम्ही सांगितलीत, बाबांनी घरी कधी सांगितलीच नव्हती. १९८७ ला सुप्रीम कोर्टाने पोस्ट-टेलिग्राफच्या रोजंदारीवाल्यांच्या केसमध्ये सरकारला कायम करायची स्कीम बनवा म्हणून सांगितलं, १ ऑक्टोबर १९८९ पासून ती टेलिकॉममध्ये लागू झाली, वर्षात २४० दिवस भरलेल्यांना टेम्पररी स्टेटस, आणि ते २४० दिवस मस्टरवरून शोधून काढायला तुम्ही लोक रात्री बसायचात. २००० साली टेलिकॉम खात्याची बीएसएनएल कंपनी होताना ओ. पी. गुप्तांसारखे पुढारी अडून बसले की आमची पेन्शन सरकारनेच द्यायची, सप्टेंबरात संप झाला, सरकारी पेन्शन कायम ठेवणारा ३७-ए नियम आला, म्हणून आज आईच्या खात्यात पैसे पडतात. आणि त्याच्याही आधी १९ सप्टेंबर १९६८ च्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या एका दिवसाच्या संपासाठी लोकांनी नोकऱ्या घालवल्या, हे सांगताना तुमचा चहा गार झाला होता.

तो कागद आईने लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवलाय. काल परत काढला होता. विचारत होती, बाबांच्या खालची सही कुणाची, नाव लागत नाही, त्यांच्या घरचं कुणी असंच अडकलं असेल तर मी सोबत जाईन म्हणते. सोमवारी तिला घेऊन येतेय.