थकलेल्या बिलांचा आकडा

संपादक महोदय,

‘सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाराही जनतेनेच निवडून द्यावा’, अशी सूचना आपल्या वाचकपत्रांत वाचली. माझी नोकरी उपकोषागारात देयके तपासण्यात गेली आणि 2017 चा उन्हाळा मी शिकागोजवळ लेकीकडे काढला. तिथे असे पद खरोखर निवडणुकीने भरतात, म्हणून लिहितो.

शिकागो ज्यात येते त्या अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात गव्हर्नरप्रमाणे ‘कंट्रोलर’ही थेट मतदानाने येतो, चार वर्षांसाठी. तिजोरी सांभाळणारा ट्रेझरर वेगळा, तोही निवडून आलेला. कोणाचे बिल आज द्यायचे आणि कोणाचे थांबवायचे, हा आदेश मात्र कंट्रोलरचा. आपल्याकडे लेखा व कोषागारे संचालकांनी दारोदार मते मागत फिरावे, तसा हा प्रकार. मला आधी हसूच आले होते.

मी तिथे पोचलो तेव्हा राज्याला जवळपास दोन वर्षे पुरता अर्थसंकल्पच नव्हता. रिपब्लिकन गव्हर्नर ब्रूस राउनर आणि डेमोक्रॅट बहुमताचे विधिमंडळ, दोघेही हटून बसलेले. त्याचा अर्थ मला एका दंतवैद्याच्या दवाखान्यात कळला. काउंटरवर कागद चिकटवला होता: राज्य कर्मचाऱ्यांनी पैसे आधी भरावेत, सरकारकडून आले की परत मिळतील. ‘कधी येतील?’ असे मी विचारले, तर काउंटरवरच्या बाईंनी नुसते खांदे उडवले. मार्चअखेरीला आमच्या खिडकीवर ‘साहेब, अनुदान आले का?’ म्हणून विचारणाऱ्यांना मीही तेवढेच उत्तर देत असे.

पण एक फरक होता. तेव्हाच्या डेमोक्रॅट कंट्रोलर सुझाना मेंडोझा यांच्या वेबसाइटवर राज्याची एकूण थकबाकी लावलेली असायची. जावई चहा घेताना क्रिकेटचा स्कोअर बघावा तसा तो आकडा बघायचा. नोव्हेंबर 2017 मध्ये तो 16.7 अब्ज डॉलरवर गेला. उशिराच्या देयकांवर तिथे कायद्याने दरमहा 1 टक्का व्याज द्यावे लागते, त्यामुळे भांडण पुढाऱ्यांचे आणि भुर्दंड करदात्याला. तोवर सरकारी खाती आपल्याकडे पडून असलेली बिले वर्षातून एकदाच कळवत. ती दरमहा कळवावीत असा कायदा मेंडोझा यांनी पुढे रेटला. राउनर यांनी नकाराधिकार वापरला, विधिमंडळाने तो मोडून काढला. यात पक्षीय हिशेब नव्हता असे मी म्हणणार नाही. तरी मेंडोझा यांच्या आधीच्या कंट्रोलर लेस्ली मंगर तर राउनर यांच्याच पक्षाच्या, पद मधेच रिकामे झाल्यावर त्यांनीच नेमलेल्या. मंगर यांनी 2016 मध्ये आमदारांचे पगारही इतर थकलेल्या बिलांच्या रांगेत उभे केले. आमदार कोर्टात गेले आणि पगार मिळवून आले, ते सोडा.

आता पत्रलेखकाचा मुद्दा. निवडून आलेला माणूस स्वच्छच असतो, असा समज इलिनॉयने फार पूर्वी मोडलेला आहे. 1956 साली तिथला निवडून आलेला ऑडिटर ऑर्व्हिल हॉज खोट्या सरकारी चेकांवर सुमारे 15 लाख डॉलर खाऊन तुरुंगात गेला. त्यातून विमाने आणि मोटारी घेतल्या होत्या. प्रकरण बाहेर काढले ते शिकागोच्या एका दैनिकाने. चेक काढणारा तोच आणि तपासणाराही तोच, तर दुसरे काय होणार? म्हणून 1970 च्या राज्यघटनेने पद फोडले. पैसे देणारा कंट्रोलर जनतेने निवडायचा. तपासणारा ऑडिटर जनरल मात्र विधिमंडळाने तीनपंचमांश बहुमताने, दहा वर्षांसाठी नेमायचा. म्हणजे पत्रलेखक ज्याला निवडून द्या म्हणतात, त्याला तिथेही निवडून देत नाहीत.

आपल्याकडचा तपासणारा दुबळा नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षक हा कदाचित घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, असे डॉ. आंबेडकर 1949 मध्ये घटना समितीत म्हणाले होते. त्याला काढायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतका खटाटोप करावा लागतो. त्याचे अहवाल आपल्या विधिमंडळात बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी येतात, आमदार बॅगा भरत असताना, हे दुखणे वेगळे. शिवाय तो बोलतो ते खर्च होऊन गेल्यावर.

खर्च होत असतानाचे काय? रस्त्याचे काम करून बिलासाठी हेलपाटे घालणारे कंत्राटदार आमच्या तालुक्यातही आहेत. कोणाचे बिल किती दिवस पडून आहे आणि मागून आलेले कोणाचे पुढे गेले, हे बांधकाम कार्यालयातल्या कारकुनाला ठाऊक असते, गावाला नसते. सगळी देयके आता संगणकावरच जातात, म्हणजे बेरीज करायला माणूससुद्धा बसवावा लागणार नाही. आपल्या मंत्रालय प्रतिनिधीने एवढेच विचारून छापावे: सार्वजनिक बांधकाम खात्याच्या थकीत देयकांचा आजचा आकडा किती, आणि तो कोणाच्या टेबलावर आहे?

आपला,
एक निवृत्त उपकोषागार कर्मचारी, सातारा