लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अपडेट झाल्यावर आठवणीने विचारणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

"आभार कसले मानता" म्हणालात, पण राहवत नाही म्हणून लिहिते आहे.

लॅपटॉपवर नवी लिनक्स टाकली आणि सुरू केला की तेच: काळी स्क्रीन, रूट डिव्हाइस (सिस्टीम जिथे असते ती डिस्क) सापडत नाही अशी एक ओळ, खाली इनिटरॅमएफएसचा (सुरू होताना आधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या सिस्टीमचा) प्रॉम्प्ट. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनमध्ये माझ्या प्रबंधाचं काम. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडूनही पाहिला नाही, "डिस्क गेली, नवी टाका" म्हणून मोकळा झाला. दुसऱ्या एका जाणकाराने सगळं फॉरमॅट करायला सांगितलं आणि मी कारण विचारल्यावर फोन उचलणंच सोडलं. येत नसेल तर येत नाही म्हणावं, माणसाला घाबरवू नये. त्या दोघांचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी एकच विचारलंत, "लाइव्ह यूएसबीवरून डिस्क दिसते का?" म्हणजे पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून. दिसत होती. "मग डिस्क ठणठणीत आहे. काहीही पुसू नका." त्या रात्री मला झोप लागली ती या वाक्यामुळे.

मी पाठवलेला डीमेसेजचा, म्हणजे कर्नलच्या संदेशांचा, लांबलचक लॉग तुम्ही ओळ न् ओळ वाचलात. माझी एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) इंटेलच्या व्हीएमडी कंट्रोलरच्या, म्हणजे डिस्क आणि सिस्टीम यांच्यामधल्या दुव्याच्या, मागे होती. लाइव्ह यूएसबीकडे त्याचा ड्रायव्हर होता, नव्या सिस्टीमच्या इनिटरॅमएफएसमध्ये मात्र तो आलाच नव्हता. ज्या ड्रायव्हरशिवाय डिस्क दिसणार नाही, तो त्या डिस्कवरच बसलेला! तो इनिटरॅमएफएसमध्ये घालायचं काम तुम्ही फोनवर शांतपणे करून घेतलंत.

पण मला सगळ्यात भिडलं ते नंतरचं. काम होऊन बरेच दिवस झाले होते, आणि तुमचा मेसेज आला: "नवा कर्नल आलाय. अपडेटनंतर नीट सुरू झाला ना?" नव्या कर्नलबरोबर इनिटरॅमएफएस पुन्हा बनतो, गडबड झाली तर तेव्हाच होणार, हे तुम्हाला ठाऊक. म्हणून तर त्या ड्रायव्हरच्या मॉड्यूलचं नाव कॉन्फिग फाइलमध्येच लिहायला लावलं होतंत. तरीही खात्री करून घ्यावीशी वाटली तुम्हाला, तीही एका अनोळखी मुलीच्या लॅपटॉपची. हुशार माणसं पुष्कळ भेटतात. काम संपल्यावरही ज्यांना समोरच्याची काळजी असते, अशी फार थोडी.

तेव्हा घाईत "हो, झाला" एवढंच कळवलं होतं. बाकीचं हे.

तुमची ऋणी,
जिचा प्रबंध बचावला अशी एक विद्यार्थिनी