८ मार्च ही तारीख क्लारा झेटकिन यांनी ठरवलेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला दिनाच्या पुरवणीत यंदाही ती ओळ आलीच: ८ मार्च १९०८ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्त्री-कामगारांनी निदर्शने केली आणि त्यांच्या स्मरणार्थ ८ मार्च हा दिवस पाळावा असा ठराव जर्मन समाजवादी नेत्या क्लारा झेटकिन यांनी १९१० साली कोपनहेगनला, समाजवादी स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला. मराठीत हा मजकूर वर्षानुवर्षे एका पुरवणीतून दुसऱ्या पुरवणीत उतरत आला आहे. मूळ ठराव कोणी उघडून पाहत नाही, म्हणून हे पत्र.

ठराव जेमतेम चार ओळींचा आहे. क्लारा झेटकिन, केटे डुंकर आणि त्यांच्या सहकारी यांनी तो मांडला होता. सर्व देशांतील समाजवादी स्त्रियांनी आपापल्या देशातील कामगारांच्या राजकीय पक्षांशी आणि संघटनांशी सल्लामसलत करून दरवर्षी एक स्त्री-दिन पाळावा. मताधिकाराचा प्रचार हे त्याचे पहिले काम असावे. ही मागणी एकूण स्त्री-प्रश्नाशी जोडून मांडावी. दिनाचे स्वरूप आंतरराष्ट्रीय असावे आणि तयारी काळजीपूर्वक व्हावी. संपले. तारीख दिलेली नाही आणि न्यूयॉर्कचा उल्लेखही नाही. अमेरिकेचा संबंध आहे, पण तो वेगळा. तिथल्या समाजवादी पक्षाने २८ फेब्रुवारी १९०९ रोजी असा दिवस पाळला होता आणि ते उदाहरण कोपनहेगनला जमलेल्या प्रतिनिधींसमोर होते.

तारीख सुरुवातीला फिरतीच होती. १९११ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंड येथे १९ मार्चला पहिला दिन झाला. हा दिवस १८४८ च्या बर्लिनमधील मार्च क्रांतीच्या आठवणीने निवडला होता. १९१२ मध्ये जर्मनीत तो मे महिन्यात झाला, १९१४ मध्ये ८ मार्चला. दिनदर्शिका काढून वार पाहिले तर तारखांमागचा हिशेब कळतो. २८ फेब्रुवारी १९०९, १९ मार्च १९११ आणि ८ मार्च १९१४ हे तिन्ही रविवार. गिरणीतल्या बाईला सभेला यायचे तर सुट्टी तेवढीच. ८ मार्च १९१७ मात्र गुरुवार होता; त्या दिवशी रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पेत्रोग्राडमध्ये, सभा नव्हे, संप झाला. तेव्हाच्या रशियन पंचांगाप्रमाणे ती २३ फेब्रुवारी होती. कापड गिरण्यांतल्या स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या आणि आठवड्याभरात झारशाही कोसळली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १९२१ मध्ये मॉस्कोच्या कम्युनिस्ट स्त्री परिषदेने ८ मार्च ही तारीख पक्की केली. झेटकिनबाई तेव्हा त्या चळवळीच्या प्रमुख होत्या, म्हणजे त्यांचे नाव तारखेशी जोडायचेच असेल तर १९२१ पाशी जोडावे. संयुक्त राष्ट्रांच्या १९७७ च्या ठरावातही ८ मार्चची सक्ती नाही. प्रत्येक देशाने आपल्या परंपरेप्रमाणे वर्षातला कोणताही दिवस निवडावा असे त्यात म्हटले आहे.

काही ठिकाणी १९०८ ऐवजी १८५७ च्या न्यूयॉर्क संपाची कथा छापली जाते. तिचा माग फ्रेंच संशोधक स्त्रियांनी काढला, तेव्हा तो १९५५ च्या सुमारास फ्रेंच कम्युनिस्ट वृत्तपत्रापर्यंत जाऊन थांबला. त्याआधीचा पुरावा सापडला नाही. ८ मार्च १८५७ हाही रविवार! कारखाने बंद असताना संप कसला? १८५७ हे झेटकिनबाईंचे जन्मसाल (५ जुलै, सॅक्सनीतील विडेराउ) आहे हा मात्र गमतीचा योग.

तारखेच्या या गोंधळात बाईंचे खरे काम झाकले जाते. त्या पेशाने संपादक होत्या आणि वृत्तपत्राच्या पुरवणीत याचाच विसर पडावा हे जरा चमत्कारिक आहे. 'डी ग्लाइशहाइट' म्हणजे 'समानता' हे पाक्षिक त्यांनी १८९२ पासून १९१७ पर्यंत, पंचवीस वर्षे चालवले. ते श्टुटगार्टहून निघे, अंकाची किंमत १० फेनिग. मजुरीचे दर, कामाचे तास, कारखाना निरीक्षकांचे अहवाल, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायकांची पिळवणूक असा मजकूर असे. फार जड आहे अशी तक्रार त्यांच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षातूनच येई. बाईंचे म्हणणे, हे पत्र चळवळ चालवणाऱ्या स्त्रियांना तयार करण्यासाठी आहे. तरी १९०५ पासून माता-गृहिणींसाठी आणि मुलांसाठी पुरवण्या सुरू झाल्या. १९१४ पर्यंत खप सव्वा लाखाच्या घरात गेला.

हे किती अडचणीत चालले ते कायदा वाचल्यावर कळते. प्रशियात, म्हणजे जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्यात, स्त्रिया, शाळकरी मुले आणि शिकाऊ कामगार यांना राजकीय संघटनेत जायला १९०८ पर्यंत बंदी होती. स्त्रियांची शाखा काढली की पोलीस ती बरखास्त करत. यावर उपाय निघाला तो असा: शाखा काढायचीच नाही. जाहीर सभा घ्यायची आणि तिथे एक 'विश्वासाची व्यक्ती' निवडायची. संघटनाच नाही, तर बरखास्त काय करणार? गावोगावच्या अशा बायकांना जोडणारा धागा म्हणजे 'ग्लाइशहाइट'. प्रशियाबाहेर, कायदा सैल असलेल्या व्युर्टेम्बर्ग राज्यातून (श्टुटगार्ट तिथलेच) ते निघे हेही ध्यानात घ्यावे.

पहिल्या महायुद्धाला त्यांनी विरोध केला. मार्च १९१५ मध्ये बर्नला युद्धविरोधी स्त्री परिषद भरवली, त्याबद्दल अटक झाली आणि १९१७ मध्ये त्यांच्याच पक्षाने पत्र काढून घेतले. नंतर त्याच्या संपादकपदी आलेल्या मारी युखाच फेब्रुवारी १९१९ मध्ये जर्मन राष्ट्रीय सभेत बोलणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. झेटकिनबाई कम्युनिस्ट पक्षात गेल्या आणि १९२० पासून १९३३ पर्यंत राइशटागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, सदस्य राहिल्या.

३० ऑगस्ट १९३२ चा प्रसंग पुरवणीत कधी तरी यावा. वयाने सर्वांत ज्येष्ठ सदस्य म्हणून राइशटागचे उद्घाटन त्यांनी केले. वय ७५, दृष्टी जवळजवळ गेलेली, चालायला आधार लागे. समोर ६०८ पैकी २३० नाझी. त्यांच्यासमोर उभे राहून बाईंनी फॅसिझमविरुद्ध सर्व कष्टकऱ्यांच्या एकजुटीची हाक दिली. त्याच भाषणात, सोव्हिएत जर्मनीच्या पहिल्या अधिवेशनाचे उद्घाटनही आपल्याच हातून व्हावे अशी आशाही व्यक्त केली. हे दुसरे वाक्य गाळून त्यांना सर्वपक्षीय आजीबाई करू नये. त्या कम्युनिस्ट होत्या आणि मध्यमवर्गीय स्त्री-संघटनांशी मिसळायला त्यांचा ठाम नकार होता. त्याच दिवशी राइशटागच्या अध्यक्षपदी नाझी नेता ग्योरिंग निवडून आला. २० जून १९३३ रोजी मॉस्कोजवळ बाईंचे निधन झाले.

चौकटीसाठी एवढा मजकूर पुरेल: '१९१० च्या कोपनहेगन परिषदेत क्लारा झेटकिन व सहकाऱ्यांनी वार्षिक स्त्री-दिनाचा ठराव मांडला, तारीख ठरली नव्हती. पेत्रोग्राडच्या १९१७ च्या संपावरून १९२१ मध्ये ८ मार्च पक्का झाला.' समाजवादी सहकारी रोझा लुक्सेम्बर्ग यांच्याबरोबरचे १९१० चे छायाचित्र वापरल्यास डावीकडच्या क्लारा आहेत, उजवीकडच्या रोझा.

आणि स्थानिक धागा हवाच असेल तर १९०७ चा घ्यावा. ऑगस्टमध्ये श्टुटगार्टला झेटकिनबाईंनी पहिली आंतरराष्ट्रीय समाजवादी स्त्री परिषद भरवली. तिला लागूनच तिथे आंतरराष्ट्रीय समाजवादी काँग्रेस भरली आणि तिच्या व्यासपीठावर मादाम कामा यांनी 'वंदे मातरम्' लिहिलेला भारताचा ध्वज फडकवला. तो ध्वज आज पुण्यात केसरीवाड्यात आहे. पुरवणीसाठी त्याचे छायाचित्र घ्यायला फार लांब जावे लागणार नाही.

— एक वाचक, पुणे